आजचं चिंतन : अध्याय ४, श्लोक ४० ते ४२ (जुन्या चुकीचा मंत्रचळ)

आज चौथ्या अध्यायाचे शेवटचे तीन श्लोक. त्यातला पहिला, म्हणजे चाळिसावा, मला तीन-चार वर्षं वाचवत नव्हता. पारायणात त्या पानावर आलो की छातीत धस्स व्हायचं. ‘संशयात्मा’ हा शब्द तिथलाच. ज्याचं मन संशयाने भरलंय त्याला इथेही सुख नाही आणि पुढेही नाही, असा त्या श्लोकाचा रोख आहे. माउलींची त्यावरची भाषा तर आणखी कडक. संशयापेक्षा मोठं पाप त्यांना दिसत नाही. मला वाटायचं, हे माझ्याबद्दलच लिहिलंय.

कारण मला संशय होता. देवाबद्दल नाही, स्वतःबद्दल. सोळा वर्षांपूर्वीच्या एका दुपारबद्दल.

मी मूळचा किल्ले धारूरचा. नववीत वर्गाचा मॉनिटर होतो. सहलीचे पैसे माझ्याकडे जमा होत होते आणि एक दिवस त्यात पन्नास रुपये कमी भरले. सरांनी विचारलं, मधल्या सुट्टीत वर्गात कोण होतं? मी एका मुलाचं नाव सांगितलं. तो होता, हे खरंच होतं. सरांनी त्याला सगळ्यांसमोर छडीने मारलं. दोन दिवसांनी ती पन्नासची नोट माझ्याच वहीच्या कव्हरात सापडली. मी ती गुपचूप डब्यात टाकली आणि कुणालाच काही बोललो नाही. आमच्या धारूर तालुक्यातून दरवर्षी हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. त्याचंही कुटुंब दिवाळीच्या सुमारास गेलं, तोही गेला, आणि नंतर तो शाळेत दिसलाच नाही.

ही चूक माझी आहे. लहान होतो वगैरे सगळं ठीक, पण गप्प राहिलो तो मीच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना ‘अरे, काहीच झालेलं नव्हतं, उगाच घाबरला होता’ असं कुणी समजू नये. झालं होतं.

मधली सोळा वर्षं ही गोष्ट मला क्वचित आठवायची, वाईट वाटायचं, मग मी पुढे जायचो. डिग्री झाली, पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं. मग तिशीत, कामाचा प्रचंड ताण असताना, एका रात्री दीडच्या सुमारास प्रश्न आला: ती नोट वहीत आपोआप गेली होती, की मी ठेवली होती?

बस्स. तिथून सुरू झालं.

मी ती दुपार पुन्हा ‘बघायला’ लागलो. वही कुठे होती, डबा कुठे होता, नोट कुठल्या हाताने घेतली. पहिल्या आठवड्यात वाटलं, एकदा नीट आठवलं की संपेल. महिन्याभराने परिस्थिती अशी होती की रोज तीन-चार तास मी त्या वर्गात बसलेला असायचो. मीटिंग चालू, कॅमेरा बंद, आणि मी नववीत. नवीन प्रश्न येत होते. त्याला मार बसत असताना मी हसलो होतो का? नाव सांगताना मला माहीत होतं का? आणि सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे चित्रं दिसायला लागली. मी नोट मुद्दाम कव्हरात सरकवतोय असं चित्र. ते आठवलेलं होतं की मनाने बनवलेलं, हे मला सांगता येईना.

जप वाढवला. विचार आला की एक माळ. माळेत मन भटकलं तर ती माळ बाद, पुन्हा पहिल्यापासून. कधी रात्रीचे दोन वाजायचे. बायकोला विचारायचो, ‘मी वाईट माणूस आहे का गं?’ आईला धारूरला फोन करून विचारायचो, ‘मी लहानपणी खोटारडा होतो का?’ आई आधी काळजीने उत्तर द्यायची, मग वैतागून: ‘आरं किती बार इचारतूस तेच ते!’

शेवटी त्या मित्राचा नंबर मिळवला आणि धारूरला जाऊन त्याला भेटलो. स्टँडजवळ चहा घेता घेता सगळं सांगितलं, माफी मागितली. तो आधी हसला. म्हणाला, ‘पन्नास रुपयाचं काय घेऊन बसलास? बापानं उचल घेतली होती, फडात हात कमी पडत होते, म्हणून शाळा सुटली.’ मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘मारलेलं मात्र ध्यानात आहे.’ मी पुन्हा माफी मागितली. तो म्हणाला, झालं ते झालं.

त्या रात्री मी किती महिन्यांनी शांत झोपलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना विचार आला: मी त्याला सगळं सांगितलं का? ‘नोट सापडली’ असं म्हणालो, पण ‘कदाचित मीच ठेवली असेल’ हे सांगितलंच नाही. म्हणजे माफी अर्धवट माहितीवर मिळाली. म्हणजे ती माफीच नाही. लगेच फोन केला. त्याने ऐकून घेतलं. आठवड्याने परत केला. तिसऱ्या फोनला तो म्हणाला, ‘एक विचारू का? हे फोन तू माझ्यासाठी करतोस का तुझ्यासाठी?’

त्या वाक्याने मला डॉक्टरांकडे पोचवलं. मानसोपचारतज्ज्ञांनी माझी सगळी कहाणी ऐकून घेतली, आणि मी चांगला की वाईट यावर एक शब्दही न बोलता विचारलं: ‘माफी मिळाल्यानंतरचा आराम किती वेळ टिकला?’ म्हटलं, दोन दिवस. ‘आणि आई उत्तर द्यायची तेव्हा?’ अर्धा तास. ‘आणि माळ झाल्यावर?’ पाच मिनिटं असतील.

याला ओसीडी म्हणतात. आपल्याला ओसीडी म्हटलं की सारखे हात धुणारा, कुलूप ओढून बघणारा माणूस आठवतो. पण हात न धुताही हा आजार असतो. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा घुसतो, त्याने जीव कासावीस होतो, ती घालमेल शमवायला माणूस काहीतरी करतो, क्षणभर बरं वाटतं, आणि त्या क्षणभराच्या आरामामुळेच मेंदू शिकतो की विचार धोक्याचाच होता. माझ्या प्रकारात ‘काहीतरी करणं’ डोक्याच्या आत चालायचं: आठवून बघणं, तपासणं, विचारणं, कबुली देणं. बाहेरून कुणाला काही दिसत नाही. भूतकाळातल्या खऱ्या किंवा ‘कदाचित घडलेल्या’ प्रसंगाभोवती फिरणारा ओसीडी हा काही वेगळा आजार म्हणून पुस्तकात नोंदलेला नाही. आजार तोच, फक्त त्याने धरलेली वस्तू वेगळी. आणि तो दुर्मीळही नाही. निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर हजार प्रौढांमागे साधारण आठ जणांना ओसीडी आढळला होता.

मराठीत याला एक जुना शब्द आहे: मंत्रचळ. मूळ अर्थ असा की मंत्र म्हणताना काही चुकलं आणि माणसाचं डोकं फिरलं. आज मानसोपचारावर मराठीत लिहिणारे ओसीडीसाठी हाच शब्द वापरतात. चुकलेली माळ पहिल्यापासून ओढत रात्री दोनपर्यंत बसलेला मी आणि हा शब्द, यांची गाठ पडली तेव्हा मला हसूही आलं आणि रडूही.

आता तुम्ही म्हणाल, पश्चात्ताप आणि मंत्रचळ यांत फरक कसा ओळखायचा? संतांनी अनुतापाचं एवढं महत्त्व सांगितलं, मग हा अनुतापच नाही कशावरून? हाच प्रश्न मला अडवून बसला होता. डॉक्टरकडे जाणं म्हणजे पापाला ‘आजार’ म्हणून पळवाट काढणं, असं वाटायचं.

माझा अनुभव असा की चूक किती मोठी होती यावरून हा फरक कळत नाही. चूक खरी होती की खोटी यावरूनही नाही. कळतो तो पुढे काय होतं यावरून. अनुतापाला करण्यासारखं काहीतरी असतं: माफी मागणं, पैसे परत करणं, पुन्हा न करणं. ते केलं की माणूस थोडा नम्र होऊन पुढे सरकतो. दुःख राहतं, पण ते दुःख समोरच्याचं असतं. मंत्रचळाला मात्र करण्यासारखं काही उरलेलं नसतं आणि तरीही तो थांबत नाही. त्याला माफी नको असते, त्याला शंभर टक्के खात्री हवी असते. मित्राच्या त्या वाक्यात सगळं आलं. ‘मारलेलं ध्यानात आहे’ हे तो बोलला तेव्हा माझं लक्ष त्याच्या चेहऱ्यावर असायला हवं होतं. मी मनात नोंदवत होतो की त्याने ‘माफ केलं’ हा शब्द नेमका वापरला की नाही.

आणखी एक खूण. प्रश्न वस्तुस्थितीवरून हळूहळू हेतूवर सरकतो. ‘काय झालं’ याचं उत्तर कधीतरी मिळू शकतं. ‘तेव्हा माझ्या मनात नेमकं काय होतं’ याचं सोळा वर्षांनी कोण देणार? आणि एका प्रसंगाचं समाधान झालंच, तर मन दुसरा प्रसंग काढतं. माझ्याकडे कॉलेजातले दोन आणि पहिल्या नोकरीतला एक असे रांगेत उभेच होते. यात दिवसाचा तासभर किंवा जास्त जात असेल, झोप, काम, नाती बिघडत असतील, तर तपासून घ्यायची वेळ झालेली असते. अर्थात सततची अपराधी भावना नैराश्यातही असते, मोठ्या आघातानंतरही असते. म्हणून निदान डॉक्टरांनाच करू द्या.

आठवून बघितल्याने आठवण स्पष्ट होते, ही माझी सगळ्यात मोठी चुकीची समजूत होती. आमच्या कामात लॉग फाइल असते. सिस्टिममध्ये काय घडलं ते त्यात लिहिलेलं, कितीदाही उघडा, तसंच राहतं. स्मृती अशी फाइल नाही. ती उघडली की थोडी बदलून सेव्ह होते. मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा गॅस पुन्हा पुन्हा बंद करून तपासायला लावलं. शेवटी विचारलं तेव्हा त्यांची उत्तरं इतरांइतकीच बरोबर होती. पण आठवण पुसट झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. म्हणजे तपासणं हेच संशयाचं खाद्य. हे सगळे निरोगी लोक होते बरं का! मी त्या दुपारला हजारो वेळा तपासलं होतं.

धार्मिक मनाला हा आजार कसा धरतो याचं एक जुनं उदाहरण सांगतो. ते आपल्या परंपरेतलं नाही, पण इतकं नेमकं दुसरं मला माहीत नाही. इग्नेशियस लोयोला नावाचा स्पॅनिश सैनिक १५२१ साली लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून घरी पडला, बरं होता होता भक्तीकडे वळला. १५२२ मध्ये मोंत्सेर्रातच्या मठात त्याने आयुष्यभराची पापं लिहून काढून कबूल केली. तीन दिवस लागले. त्यानंतर तो जवळच्या मानरेसा गावात राहिला, आणि तिथे त्याला संशयाने धरलं: काहीतरी सांगायचं राहिलं. पुन्हा कबुली, पुन्हा संशय. त्याच्या धर्मगुरूने सांगितलं, अगदी स्पष्ट असेल तेवढंच जुनं पाप सांग. पण त्याला सगळंच स्पष्ट वाटायचं, त्यामुळे या सल्ल्याचा उपयोग शून्य! (हे वाचून मी मोठ्याने हसलो होतो. आम्हा लोकांना कुठलीही अट घाला, आम्ही ती पूर्ण करून दाखवू.) आयुष्य संपवण्याचे विचार येईपर्यंत गोष्ट गेली. त्याने आठवडाभर अन्न सोडलं. धर्मगुरूने ते मोडायला लावलं, दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पापांची साखळी परत सुरू. शेवटी त्याने ठरवलं की जुनी पापं पुन्हा कबूल करायचीच नाहीत. पुढे याच माणसाने जेझुइट संघ उभा केला. दोन दिवस बरे, तिसऱ्या दिवशी परत: हे वेळापत्रक पाचशे वर्षांत बदललेलं नाही.

आता आपल्या श्लोकांकडे. चाळिसाव्यात संशयात्म्याबरोबर आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत, अज्ञान आणि अश्रद्धा. मला आता असं वाटतं की तिथला संशय हा न जाणण्याचा, न मानण्याचा संशय आहे. ज्याला आपण चुकलो तर नाही ना या विचाराने झोप लागत नाही, तो श्रद्धा नसलेला माणूस नव्हे. आजाराने पकडलेल्या मुलाला हा श्लोक फेकून मारू नये, आणि त्यानेही तो स्वतःला मारून घेऊ नये. हे माझं वाचन आहे. जाणकारांनी चूक दाखवली तर ऐकेन.

पण मला वाचवलं ते बेचाळिसाव्याने. तिथे भगवंत ज्ञानाची तलवार हातात देतात आणि संशयाचं काय करायला सांगतात? छेदायला. सोडवायला नाही. गाठ सोडवायची असती तर तलवार कशाला, नखं पुरली असती. मी चार वर्षं नखांनी गाठ सोडवत बसलो होतो आणि ती घट्ट होत होती. आणि लगेच पुढे काय, तर ऊठ. ‘आधी पूर्ण समाधान करून घे, मग ऊठ’ असा क्रम तिथे नाही.

माझ्या उपचारात नेमकं हेच होतं, फक्त डॉक्टरांनी गीतेचं नाव घेतलं नाही. या पद्धतीला ईआरपी म्हणतात. भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीचा प्रतिसाद द्यायचा नाही. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली तिची सुरुवात मांडली. मला त्या दुपारचा एक परिच्छेद लिहायला लावला, शेवटचं वाक्य असं: कदाचित मी मुद्दाम केलं असेल, आणि मला हे कधीच नक्की कळणार नाही. तो रोज वाचायचा आणि उत्तर शोधायचं नाही. पहिल्या आठवड्यात अंगाला घाम फुटायचा. मित्राला फोन बंद. आईला विचारणं बंद. आईलाही सांगून ठेवलं होतं, त्यामुळे मी घसरलो की ती म्हणायची, ‘डॉक्टरनं मला उत्तर द्यायला मना केलंय, जेवलास का ते सांग.’ घरच्यांना हे फार जड जातं. समोरचा तळमळतोय आणि आपण ‘तू चांगलाच आहेस’ एवढं म्हणायचं नाही! पण ते वाक्य त्याला अर्धा तास देतं आणि पुढचे चार तास घेतं.

जपाचं काय, हा प्रश्न मी डॉक्टरांना भीत भीतच विचारला. त्यांनी जप सोडायला सांगितलं नाही. वेळ ठरवा, माळ ठरवा, चुकली तरी पुढे जा, आणि विचार आला म्हणून जप करू नका. सकाळी साडेसहा, एक माळ. मन भटकलेली माळसुद्धा मोजायची. सुरुवातीला हे देवाचा अपमान केल्यासारखं वाटलं. आता वाटतं, आधीची माळ मी देवासाठी ओढतच नव्हतो.

सोबत औषधही होतं, एसएसआरआय गटातलं. ओसीडीत त्याचा परिणाम दिसायला बहुधा आठ ते बारा आठवडे लागतात आणि डोसही नैराश्यापेक्षा जास्त लागू शकतो. म्हणून तीन आठवड्यांत ‘काही फरक नाही’ म्हणत सोडू नका. मनाने बंद तर मुळीच करू नका.

गावाकडचे मित्र विचारतात, पुण्यात सगळं मिळतं, इथं कुठं जायचं? धारूरहून अंबाजोगाईला एसटी जाते. तिथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. योगेश्वरीच्या दर्शनाला आपण जातोच, त्याच फेरीत होईल. कुठूनही फोन करायचा तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर आजच करा, उद्यावर ढकलू नका.

एक सूचना, खास आमच्यासारख्यांसाठी. हे वाचून ‘मला नक्की ओसीडीच आहे, की मी खरंच वाईट आहे आणि ओसीडीचं निमित्त शोधतोय?’ असा प्रश्न आला असेल, तर स्वागत आहे, तो त्याच रांगेतला पुढचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर मिळवायला हे पुन्हा वरपासून वाचू नका.

मला अजूनही तो विचार येतो. गेल्या महिन्यात धारूरला घाट चढताना आला, रस्त्याच्या कडेला सीताफळं विकणाऱ्या पोरांकडे बघताना. मी म्हटलं, असेल बाबा. मुद्दाम केलंही असेल. आणि दोन किलो सीताफळं घेतली. मित्राला मार बसला होता आणि मी गप्प राहिलो होतो, तेवढं खरं आहे आणि ते तसंच राहणार आहे.

उद्या पाचवा अध्याय. गंमत बघा, ‘संशय छेद आणि ऊठ’ एवढं ऐकल्यावर अर्जुन उठतो का? नाही. पाचव्याच्या पहिल्याच श्लोकात तो परत विचारतो, संन्यास की योग, एक काय ते ठरवून सांग. आणि भगवंत चिडत नाहीत. तिथून सुरू करू.

राम कृष्ण हरी.